हिरवे दिवस

शर्वरी खोतला देवाधर्माचं वेड लागलं, असं हुपरीतली तिची सगळी गल्ली म्हणू लागली होती. लग्न होऊन आली तेव्हा आरतीला मागं उभं राहून फोन बघणारी ही पोरगी. आणि आता गौरी झाल्या की नवरात्र, नवरात्र झालं की मार्गशीर्षातले गुरुवार, मग सौंदत्तीची यल्लमा, चैत्रात जोतिबा. मध्ये एखादा महिना मोकळा सापडलाच तर सत्यनारायण. भटजीसुद्धा एकदा म्हणाले की वहिनी, जरा मलाही श्वास घेऊ द्या. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं बायका तिच्या सासूला, वनिताबाईंना, सांगायच्या. वनिताबाई हसायच्या आणि भाजीचा विषय काढायच्या.

खरं पाहिलं तर देवावर शर्वरीचा पूर्वी जो काही थोडाफार विश्वास होता तोही उरला नव्हता. तिला सण हवे होते ते गोळ्यांसाठी.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपल्याकडं कुठल्या घरात येत नाहीत? गौरी जवळ आल्या, घरात लग्न निघालं, वास्तुशांत ठरली की औषधाच्या दुकानात बायकांची रांग लागते. डॉक्टरला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण हे औषध आहे असंच कुणाला वाटत नाही. उदबत्ती, कापूर आणि गोळ्या, असं ते सामानातच धरलेलं असतं. माणसानं चंद्रावर वस्ती करायला घेतली होती, पण अडचणीतल्या बाईनं गौरीला शिवावं की नाही हा प्रश्न काही अजून सुटला नव्हता. तेव्हा शर्वरीनं गोळ्या घेण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. तिनं त्या इतक्या वेळा का घ्याव्यात, हे मात्र समजून घ्यायचं तर आधी मणी समजून घ्यायला हवा.

मूल राहण्याचे दिवस महिन्यात फार नसतात. पाळी संपली की अंडाशयात एक अंडं पिकू लागतं आणि रक्तातलं एक संप्रेरक चढत जातं. ते पुरेसं चढलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी दुसऱ्या एका संप्रेरकाचा लोंढा सोडते, आणि त्यानंतर दीडएक दिवसात अंडं बाहेर पडतं. ते जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषाचं बीज मात्र आत चार-पाच दिवस तग धरून राहू शकतं. म्हणजे सगळा खेळ आठवड्याच्या आतला. पण तो आठवडा नेमका कुठला, हे बाईला स्वतःलाही धड सांगता येत नसे. तारखा मोजून, सकाळी उठायच्या आधी ताप मोजून, अंगावरचा स्राव बघून बायका आपले अंदाज बांधायच्या. अंदाज चुकला की पाळणा हलायचा, किंवा हवा असताना हलायचा नाही.

ऋतुमणी आला आणि हे अंदाज संपले. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात. पेशींच्या मधून पाण्यासारखा जो द्रव झिरपत असतो, त्यात हा मणी पडून राहतो. त्याच्या अंगावर कृत्रिम रेणूंची वीण असते आणि प्रत्येक रेणूला एकेकच संप्रेरक बसेल अशी खाच असते. संप्रेरक खाचेत बसलं की मण्यातला विजेचा प्रवाह किंचित बदलतो, आणि मणी ते फोनला कळवतो. दोन पाळ्या बघितल्या की ती बाई त्याला पाठ होते. फोनवर रंग उमटतात. मूल हवं असेल त्यांच्यासाठी ते दिवस हिरवे. पाळीआधीचे चिडचिडीचे, रडू येण्याचे दिवस नारिंगी. अंडं पिकलंच नाही, तर नुसती एक सपाट राखाडी रेषा.

हे बनवणाऱ्यांचा हेतू काही वाईट नव्हता. ज्या बायकांच्या फोनवर ते रंग फक्त त्यांनाच दिसत, त्यांची मोठी सोय झाली. कितीजणींनी मूल टाळायच्या गोळ्या सोडल्या, कितीजणींना आपलंच शरीर पहिल्यांदा कळलं. पण सरकारी अनुदान मिळायचं ते कुटुंब-खातं उघडलं तरच, आणि कुटुंब-खातं म्हणजे बायकोच्या दंडातलं नवऱ्याच्या खिशात. हुपरीत जवळपास सगळ्यांनी तेच उघडलं.

शर्वरीच्या नवऱ्याचं, धैर्यशीलचं, चांदीचं काम. हुपरीत ते घरोघरी आहे. पुरुष पैंजणं ओततात आणि बायका दारात बसून त्यांना घुंगरं जोडतात. धैर्यशील मऊ स्वभावाचा माणूस होता. कधी आवाज चढवणार नाही, कधी ताटाला नावं ठेवणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं बाळासाठी चांदीचे वाळे घडवले. ते मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी त्यानं नवे वाळे केले, जुने अपशकुनी म्हणून नव्हे, तर ते पहिल्याचे होते म्हणून. तेही मूल राहिलं नाही. तिसरं पाचव्या महिन्यापर्यंत टिकलं आणि एका सकाळी सगळं अंथरूण रक्तानं भिजलं. कोल्हापूरच्या वाटेवर अँब्युलन्समध्ये शर्वरीचे ओठ पांढरे पडत गेले आणि वनिताबाई तिच्या पायाचे तळवे चोळत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी नंतर कागदावर चित्र काढून दाखवलं. शर्वरीचं गर्भाशय जन्मापासून दोन शिंगांचं होतं, आत जागा पुरत नव्हती. पुढचं टिकेलही, नाही असं नाही. पण नाही टिकलं तर रक्तस्राव याहून वाईट होऊ शकतो. तांबी बसवायची म्हटली तर अशा गर्भाशयात ती नीट बसत नाही. विचार करा दोघं मिळून, असं त्या म्हणाल्या.

शर्वरीचा विचार तिथंच, त्या खाटेवर झाला होता. पुन्हा नाही. तिला मरणाची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती तिला त्या पाच महिन्यांची होती. पोटावर हात ठेवून, श्वास रोखून, प्रत्येक वेळी संडासातून बाहेर येताना धडधडत्या छातीनं जगण्याची. ती हे धैर्यशीलला सांगणार होती. घरी आल्यावर तो तिसरे वाळे कापसात गुंडाळून मखमली डबीत ठेवत होता आणि त्याचे डोळे सुजलेले होते. तिला बघून तो म्हणाला, ''चौथ्याच्या वेळी वाळे आधी करणारच नाही मी. आधी बाळ, मग वाळे.'' एकाच वाक्यात तो तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला होता. तिनं डबीचं झाकण लावून दिलं.

तिची तब्येत सावरली तसा तो मणी घेऊन आला. कारागीर माणूस, त्यामुळे आधी त्या दाण्याचं कामच त्यानं कौतुकानं बघितलं. जोड कुठं आहे ते दिसतसुद्धा नाही म्हणाला. दवाखान्यातल्या मुलीनं शर्वरीच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पडद्याकडं बघत विचारलं की मूल हवंय की टाळायचंय. ''हवंय,'' धैर्यशील म्हणाला. मुलीनं बोट टेकवलं. शर्वरी बोळ्याकडं बघत राहिली. तिला कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणता यायचं नाही. प्रश्न तिच्या दंडाला हात लावूनच विचारला गेला होता.

पहिल्या हिरव्या दिवसांत तिनं तापाचं निमित्त काढलं, दुसऱ्यांदा माहेरी गेली. तिसऱ्यांदा काय करायचं ह्या काळजीत असतानाच गौरी आल्या. दरवर्षीप्रमाणं वनिताबाईंनी गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. पाळी चुकीच्या वेळी येण्याची धास्ती म्हणून शर्वरीनं त्या लवकरच सुरू केल्या. आणि तो महिनाभर फोनवर हिरवं काही उमटलंच नाही. राखाडी रेषा सरळ चालत राहिली.

धैर्यशील घाबरला. तो फोन घेऊन स्वयंपाकघरात आला आणि आईलाच विचारू लागला की हे काय झालं, बीजच तयार झालं नाही म्हणतंय. वनिताबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, ''गौरीच्या गोळ्या घेतल्यात तिनं. मीच दिल्यात. त्या घेतल्या की सगळंच थांबतंय.'' त्याचा चेहरा खुलला. तो गेला, आणि शर्वरी हातातलं कणकेचं ताट धरून तशीच उभी राहिली. भिंतीला दार असल्याचं तिला त्या क्षणी कळलं.

ती नवरात्राला लागली. मग मार्गशीर्ष, मग यल्लमा. ह्या गोळ्या मूल टाळायच्या नव्हेत, त्या अशा सारख्या घेऊ नयेत, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि तिनं ते वाचलं होतं. तिचं डोकं ठणकायचं, अंग सुजायचं, छाती दुखायची, मधूनच डाग पडायचे. आरशात स्वतःचा फुगलेला चेहरा बघून तिला रडू यायचं आणि मग तोच चेहरा घेऊन ती ओटी भरायला जायची. धैर्यशीलला ती देवाला साकडं घालते आहे असं वाटायचं. तो कुणाजवळ तरी म्हणाला की बाळासाठी बिचारी किती करते बघा. ते तिच्याही कानावर आलं.

वनिताबाईंनी कधी काही विचारलं नाही. यल्लमाच्या यात्रेआधी मात्र असं झालं की शर्वरी दुकानात जायला निघाली तर गोळ्यांचं पाकीट आधीच देवघरात, हळदीच्या करंड्यामागं ठेवलेलं. यात्रा अजून बरीच लांब होती. त्या दिवशी दुपारी दोघी दारात पैंजणाला घुंगरं जोडत बसल्या आणि शर्वरीनं धीर करून विचारलं, ''आत्ती, तुम्हाला ठाऊक आहे?''

''अँब्युलन्समध्ये मीच होते की,'' वनिताबाई म्हणाल्या. त्यांनी दोन घुंगरं जोडली. मग म्हणाल्या, ''आमच्या वेळी बाहेर बसायचं असायचं. वाईटच होतं ते. कोपऱ्यात एक पटकूर, ताटली वेगळी, कुत्र्यागत. पण धैर्याचे पप्पा पिऊन आले की मी आपली म्हणायची, अडचण आलीया. कधी चार दिवसांचे सहा करायचे, कधी आलेली नसताना आली म्हणायचं. कोण बघायला येणार? धैर्यानंतर मला दुसरं झालं न्हाई, लोक म्हणाले देवाची मर्जी.'' त्यांनी दातानं तार वाकवली. ''आम्हाला खोटं बोलायला यायचं गं. तुमचं तेवढंपण गेलं.''

शर्वरीनं विचारलं की तुम्हाला नातवंड नको का. वनिताबाई म्हणाल्या की हवंय, रोज हवंय. आणि पुढचं पैंजण उचललं.

असं वर्ष गेलं. तिकडं मणी बनवणाऱ्या कंपनीत काही हुशार पोरं पडद्यासमोर बसून डोकं खाजवत होती. सणासुदीला आपल्या भागातल्या हजारो बायकांच्या रेषा एकदम सपाट होत होत्या. हुपरीतल्या एकट्या शर्वरीचंच नव्हे, गावोगावच्या कितीतरी बायकांचं देवदेव करणं एकाएकी वाढलं होतं. त्यामागं काय असेल ह्याचा विचार कंपनीनं आपल्या परीनं केला. बायकांना सणाला पाळी नको असते आणि गोळ्यांचा त्रास होतो, असा त्यातून अर्थ निघाला. कुणी एखादीला फोन करून विचारलं असतं तर कदाचित दुसराही निघाला असता.

नवा मणी आला तो श्रावणात. गोळी सगळ्या शरीरालाच गप्प बसवते, अंडाशयालाही आणि गर्भाशयालाही. नव्या मण्यात औषधाचा एक सूक्ष्म साठा होता, आणि त्यातला रेणू गर्भाशयाच्या अस्तराला तेवढा धरून ठेवायचा. अस्तर सुटलं नाही की पाळी येत नाही. अंडाशयाचं काम मात्र तिकडं निवांत चालू राहायचं, अंडं वेळेवर पिकायचं, हिरवे दिवस वेळेवर यायचे. सणाची तारीख फोनवर टाकली की झालं. ती बाईच्या फोनवरून टाकता यायची, तशी नवऱ्याच्याही.

धैर्यशीलला केवढा आनंद झाला. ''तुझं डोकं दुखतं, अंग सुजतं, मला बघवत नाही शर्वरी,'' तो म्हणाला. ''आता तुझे सगळे सण होतील आणि औषध पोटात जाणार नाही.'' तिनं नाही म्हणायचं तर काय कारण द्यायचं? तिच्याजवळ देव हे एकच कारण होतं, आणि नवा मणी देवाच्या बाजूचा होता. तिनं गोळ्या घेतल्या तर आता फोन विचारणार होता की कशासाठी.

दवाखान्यातली तीच मुलगी आली. जुना मणी काढला, नवा बसवला. दंडावर नुसता एक लाल ठिपका उरला.

धैर्यशील मुलाच्या बाबतीत आततायी नव्हता, हेही सांगायला हवं. उलट तो मण्यावरून बायकोला जपायला शिकला होता. नारिंगी दिवस आले की बाजारातून येताना तिच्यासाठी भडंग आणायचा, वादाचा विषय काढायचा नाही, ती तोडून बोलली तरी हसून सोडून द्यायचा. गल्लीतले पुरुष हे एकमेकांना शिकवायचे. बायकोचं मन आता आधी कळतं म्हणून घरातली भांडणं कमी झाली, असं ते चहाच्या टपरीवर सांगायचे, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

गौरी उठल्यानंतरचे ते दिवस. यंदा शर्वरीनं तेरड्याच्या गौरीला हात जोडले तेव्हा तिच्या अंगात पहिल्यांदाच एकही गोळी नव्हती. ह्या खेपेचे हिरवे दिवस पाहुण्यांच्या गर्दीत कसेबसे निभावून गेले होते. पुढच्यांना कुठलाही पाहुणा नव्हता. संध्याकाळी ती घरामागच्या कारखान्यात गेली. धैर्यशील एकटाच दिव्याखाली बसून मेणात काहीतरी कोरत होता. जवळ गेल्यावर तिला दिसलं की ते वाळ्याचं नवं नक्षीकाम आहे. आधी बाळ मग वाळे, हे तो विसरला होता किंवा त्याला राहवलं नव्हतं.

तिनं उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. गेलं वर्षभर आपण गोळ्या कशासाठी घेतल्या तेही सांगितलं. देवासाठी नव्हे. तुम्ही रागवा, मारा, काहीही करा, पण आता माझ्यानं खोटं होत नाही. ''मला मूल नकोय,'' ती म्हणाली. ''आता नको असं नव्हे. कधीच नको. मला भीती वाटते. मी मरेन.''

तो रागावला नाही. त्यानं हातातली कोरणी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं तिला जवळ बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढून बघितला. ते तिला दिसावं म्हणून नव्हे, लपवूनही नव्हे; पाऊस येईल का म्हणून माणूस आभाळाकडं बघतो तसं.

''नारिंगी आहे,'' तो हळूच म्हणाला. ''मला वाटलंच. हे दिवस जाऊ दे, तू आता कसलाही विचार करू नकोस. हिरवे दिवस आले की शांतपणे बोलू आपण. तेव्हा तुझं मन किती छान असतं बघ, तेच सांगतंय.''

ती त्याच्या हाताखालून उठली. तो मागून म्हणाला की भडंग आणलंय, टेबलावर आहे.

स्वयंपाकघरात वनिताबाई भाकरी थापत होत्या. कारखान्याची खिडकी तिकडंच उघडते, त्यामुळं सांगायला काही उरलं नव्हतं. शर्वरी पाटावर बसली. आपलं बोलणं खोटं ठरलं असतं तर तिला चाललं असतं. भांडता आलं असतं. ते तर खोटंही ठरलं नव्हतं. ते ताप यावा तसं आलेलं काहीतरी ठरलं होतं, आणि ताप उतरायची वाट बघायची होती.

''कधी आहेत?'' वनिताबाईंनी विचारलं. काय कधी, हे शर्वरीला विचारावं लागलं नाही. तिनं सांगितलं.

पुढचे हिरवे दिवस सुरू झाले त्या संध्याकाळी वनिताबाईंच्या कमरेत उसण भरली. बसवेना, उठवेना. शर्वरीला माझ्याजवळ झोपू दे, कूस बदलायला कुणीतरी लागतंय, असं त्यांनी मुलाला सांगितलं. धैर्यशीलनं स्वतः शर्वरीचं अंथरूण आईच्या खोलीत नेऊन टाकलं. शांतपणे बोलायचं होतं ते त्या गडबडीत मागं पडलं. हिरवे दिवस संपले तशी कंबर सुटली. पुढच्या महिन्यात चक्कर आली, त्याच्या पुढच्या महिन्यात छातीत धडधड. वनिताबाईंनी सोंगं चांगली वठवली. जुना सराव होता. हिरव्या दिवशी शर्वरीचं मन छान आहे असं फोन सांगत राहिला, आणि शर्वरी सासूचे पाय चेपत राहिली. दोघी अंधारात फारसं बोलत नसत. एकदा वनिताबाई तेवढं म्हणाल्या की हे किती दिवस पुरायचं गं. त्या घरात खोटं बोलू शकणारं एकच शरीर उरलं होतं आणि ते साठीला आलेलं होतं.

धैर्यशील मात्र खंगत चालला. त्यानं आईला दोन दवाखान्यांत नेलं. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. सापडत नाही म्हणून त्याची काळजी वाढली. त्याचे वडील असेच एका दुपारी कारखान्यात बसल्याबसल्या गेले होते, आणि आईचंही तसंच होणार असं त्यानं मनाशी धरलं होतं. घरात बाळ नाही आणि आईही जाईल, असं तो एकदा शर्वरीजवळ बोलला आणि लहान मुलासारखा रडला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला त्याची दया आली, खरोखरच आली. आणि सगळ्यात जास्त राग तिला त्या दयेचाच आला.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी तो बाजारातून लवकर घरी आला. हातात मखमली डबी होती. ती बघताच शर्वरीला एकच वाटलं. चौथे वाळे. ती भिंतीला टेकली. पण तो तिच्याकडं न येता आईच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यानं डबी उघडली. आत पांढऱ्या कापसावर तांदळाचा एक दाणा होता.

''वयस्कर माणसांसाठी नवीन आलाय,'' तो सांगू लागला. रक्तदाब, हृदयाचे ठोके, झोप, दुखणं, सगळं ह्याला कळतं. दुखतं तेव्हा अंगात जे जे पाझरतं ते हा मोजतो. ''आता दवाखान्यात खेपा नकोत आई. तुला कुठं दुखलं की मला तिथं कारखान्यात कळेल. नाही दुखलं तरी कळेल. उद्या सकाळी ती मुलगी येऊन बसवून जाईल.''

वनिताबाईंनी डबीकडं बघितलं. ''मला नको,'' त्या म्हणाल्या.

''का गं?''

''नको म्हटलं की नको.''

''असं कसं?'' तो हसून म्हणाला. त्यानं आईचा हात हातात घेतला होता आणि तो अंगठ्यानं तिच्या दंडावर जागा चाचपून बघत होता. ''नको म्हणायला काहीतरी कारण लागतंय की.''

वनिताबाईंनी मान वर करून शर्वरीकडं बघितलं. कारण समोर भिंतीला टेकून उभं होतं. मग त्यांनी झंपराची बाही हळूहळू वर सारून दंड पुढं केला. धैर्यशीलच्या खिशातला फोन तेवढ्यात बारीक वाजला. त्यानं तो काढून बघितला, त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि शर्वरीनं विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं की उद्यापासून हिरवे दिवस आहेत.